वजन घटविणारी औषधे आणि निनावी विक्रेते

औषध ही बाजारातील इतर जिनसांसारखी जिन्नस नव्हे. तांदूळ घेताना गिऱ्हाईक दाणा चावून पाहते, कापड घेताना पोत बोटांनी चाचपते, आंबा घेताना देठाशी नाक नेते. औषधाच्या गोळीविषयी यांतील काहीही करता येत नाही. पांढऱ्या गोळीत औषध आहे की खडूची भुकटी आहे, हे निष्णात वैद्यालाही नुसत्या नजरेने ओळखता यावयाचे नाही. म्हणून औषध घेणारा मनुष्य वस्तुतः दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो. ते कोणी तयार केले, कोणी तपासले, कोणी साठविले, कोणी लिहून दिले आणि कोणी हातात ठेवले, या पाच प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे जोवर सापडतात, तोवर त्या शब्दाला किंमत असते. ही माणसे नाहीशी झाली की बाटली तीच, तिच्यावरील छापील कागदही तोच. परंतु आत काय आहे हे सांगण्यास मात्र कोणी बांधलेला उरत नाही.

लोंढ्याहून हुबळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील अळणावर हे जंक्शनचे गाव आहे. येथूनच एक फाटा दांडेलीच्या रानाकडे वळतो. मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी नांदणाऱ्या अशा गावात औषध येण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. हुबळीच्या किंवा धारवाडच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल निघावा, गावातील दुकानाच्या फळीवर तो लागावा आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहून दुकानदाराने तो द्यावा. दुकानदाराचे घर कोणत्या गल्लीत आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे आणि गिऱ्हाइकाच्या घरी कोण आजारी आहे हे दुकानदाराला ठाऊक असे. आता या वाटेच्या शेजारी दुसरी एक वाट पडली आहे. मोबाइलच्या पडद्यावर बारीक झालेल्या बाईचे 'आधीचे' आणि 'नंतरचे' असे दोन फोटो येतात, खाली एक क्रमांक असतो, त्या क्रमांकावर पैसे पाठविले जातात आणि चार दिवसांनी कुरिअरचे पुडके दाराशी येते. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही. अळणावरला येणारी ही वाट बेळगावला, कोल्हापूरला, पुण्याला आणि मुंबईलाही तशीच पोहोचते. तिच्यातील धोका नेमका कोठे आहे, हे नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

टपालाने येणारी औषधे

घरपोच औषध ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. रानाच्या कडेचा मलनाडचा मुलूख एके काळी हिवतापाने गांजलेला होता आणि त्यावर क्विनीन हे एकच खात्रीचे औषध होते. ब्रिटिश अमदानीत टपाल कचेरीतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्याची योजना १८९२ साली बंगालमध्ये सुरू झाली आणि मागाहून ती इतर प्रांतांतही गेली. त्या पुडीमागे सरकार उभे होते. खुल्या बाजारात मात्र क्विनीनच्या नावाखाली निकृष्ट आणि भेसळीची चूर्णे सर्रास खपत. तक्रारी वाढल्या तेव्हा १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक चौकशी समिती नेमली. औषधांची निर्मिती व विक्री परवान्याखाली आणावी आणि त्यांच्या तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळा असाव्यात, असे त्या समितीच्या शिफारशींचे सार होते. त्यातूनच १९४० सालचा औषधांचा कायदा जन्माला आला. 'औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम' या नावाने आजही तोच कायदा लागू आहे.

दुसरी वाट व्ही. पी. ची. १८७७ सालापासून टपालखात्याने ही सोय केल्यावर वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून शक्तीची, केसांची, संततीची आणि सडपातळ होण्याची औषधे मागविणे घरोघर सुरू झाले. लज्जेमुळे डॉक्टरांकडे न जाणारा मनुष्य बंद पुडक्यावर विश्वास टाकतो, हे त्या काळच्या जाहिरातदारांनी बरोबर ओळखले होते. या प्रकाराला आळा घालण्यासाठी संसदेने १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. ज्या व्याधींवरील औषधाची जाहिरात सर्वसामान्य जनतेपुढे करण्यास त्याने मनाई केली, त्यांच्या यादीत कर्करोग आणि मधुमेह यांच्याबरोबर लठ्ठपणाही आहे. तेव्हा 'लठ्ठपणावर हमखास औषध' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर ती देणाऱ्याने पहिल्याच ओळीत कायदा मोडलेला असतो, इतके वाचकाने समजून चालावे.

नवी औषधे खरी आहेत

या प्रश्नाला आज जी धार आली आहे, तिचे कारण असे की वजन घटविणारी काही नवी औषधे खरोखरच गुणकारी निघाली आहेत. जुन्या काळची बहुतेक औषधे थोतांड होती, म्हणून शहाणा मनुष्य त्यांच्यापासून दूर राही. आता खऱ्या औषधाच्या कीर्तीच्या आड खोटे औषध उभे राहू शकते.

जेवण झाल्यावर आतड्यातून एक संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला देते. शरीरात ते अवघी काही मिनिटे टिकते. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात या संप्रेरकासारखेच, परंतु अधिक काळ टिकणारे द्रव्य आढळले. त्यावर आधारलेले मधुमेहाचे पहिले औषध २००५ साली बाजारात आले. पुढे याच जातीचे सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा टोचावयाचे औषध निघाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरीने सुमारे १५ टक्के घटले. नुसते पाणीवजा इंजेक्शन घेणाऱ्यांचे जेमतेम अडीच टक्के. दुसरे औषध टिर्झेपेटाइड. भारतात ते २०२५ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे विक्रीस आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत २०२६ च्या मार्चपर्यंतचीच होती.

ही औषधे कोणी घ्यावीत याचे नियम आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, तो ३० किंवा अधिक असावा. अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखी जोडव्याधी असावी. मात्रा एकदम दिली जात नाही. सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते आणि दर चार आठवड्यांनी पायरी चढत ती २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास बहुतांना होतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पित्ताचे खडे होतात. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा इतिहास कुटुंबात असेल तर हे औषध वर्ज्य आहे. गरोदरपणी ते चालत नाही, आणि मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने अगोदर थांबवावे लागते. औषध बंद केल्यावर आहारविहाराची घडी बसलेली नसेल, तर गेलेले वजन पुष्कळ अंशी परत येते. हे सर्व प्रश्न विचारण्यासाठीच डॉक्टर असतो. मोबाइलवरील विक्रेता एकच प्रश्न विचारतो: किती बाटल्या हव्यात?

मोह कशाचा?

निनावी विक्रेत्याकडे जाणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. हा काही मूठभर श्रीमंतांचा विकार राहिलेला नाही. लग्न ठरलेली मुलगी, बाळंतपणानंतर वजन न उतरलेली आई, गुडघे दुखू लागलेला कारकून, साखर वाढलेला दुकानदार, अशी ही मंडळी आहेत. टिर्झेपेटाइड भारतात आले तेव्हा त्याच्या सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत ३५०० रुपये होती आणि महिन्याला अशा चार कुप्या लागत. लहान गावात शिक्षकाला किंवा रेल्वेतील खलाशाला हा खर्च झेपणारा नव्हे. त्यात तज्ज्ञ डॉक्टर गावाबाहेर, आणि वजनासाठी औषध घेतो असे म्हणताच होणारी थट्टा वेगळी. स्वस्त, गुपचूप आणि घरपोच या तीन शब्दांची जादू अशा ठिकाणी चालते. यांतील 'गुपचूप' हा शब्द सर्वांत घातक आहे. कारण जे औषध घरच्यांपासून लपविलेले असते, त्याची बाधा झाल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही त्याचे नाव कळत नाही.

पुडक्यात काय निघते

अशा पुडक्यात काय निघू शकते, याचा पुरावा निरनिराळ्या देशांत नोंदलेला आहे. त्याचे पाच प्रकार करता येतील.

पहिला प्रकार म्हणजे काहीच नसणे. पाणी किंवा पिठूळ गोळी. यात पैसा जातो, आणि मधुमेही मनुष्य खरे औषध सोडून तिच्यावर राहिला तर प्रकृतीही जाते.

दुसरा प्रकार म्हणजे भलतेच औषध. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात सेमाग्लुटाइड समजून बनावट इंजेक्शन घेतलेल्या काही लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती आणि झटके आले होते. या लक्षणांवरून त्या पेनांत इन्शुलिन असावे, असा निष्कर्ष तेथील औषध नियंत्रकांनी काढला. त्याच सुमारास ब्राझील आणि ब्रिटन येथे व पुढे अमेरिकेत बनावट माल सापडला आणि २०२४ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना इशारा दिला. मधुमेह नसलेल्या माणसाला इन्शुलिन टोचले गेले, तर घाम सुटतो, हातपाय कापतात, भान हरपते. वेळीच साखर मिळाली नाही तर मृत्यूही ओढवतो. असा मनुष्य शुद्धीवर असेल तर त्याला तत्काळ साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता थेट रुग्णालय गाठावे.

तिसरा प्रकार म्हणजे बाद झालेले औषध. सिब्युट्रामाइन नावाची भूक मारणारी गोळी एके काळी डॉक्टर स्वतः लिहून देत. सुमारे दहा हजार लोकांच्या चाचणीत तिने हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर युरोप व अमेरिकेत २०१० साली आणि भारतात २०११ साली तिच्यावर बंदी आली किंवा ती मागे घेतली गेली. त्याआधी १९९७ साली फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा बिघडविते म्हणून अमेरिकेतून गेले आणि भारतातही १९९८ साली त्याला मनाई झाली. ही द्रव्ये बाजारातून गेली, जगातून गेली नाहीत. 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या कॅप्सुलांत परदेशी प्रयोगशाळांना सिब्युट्रामाइन वारंवार सापडले आहे. पहिल्या आठवड्यात वजन उतरते ते या छुप्या द्रव्याने; श्रेय मात्र मुळीपाल्याला मिळते.

चौथा प्रकार म्हणजे साक्षात विष. डायनायट्रोफिनॉल हे मूळचे रंगांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यातील पिवळे रसायन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कामगारांना त्याच्या संसर्गाने अतोनात घाम येई, वजन उतरे आणि काही जण दगावत. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा वजनासाठी उपयोग सुचविला आणि पाहता पाहता लाखभर लोकांनी ते घेतले. इंजिनात कोळसा तर धडधडून जळावा, पण वाफ चाकांपर्यंत पोहोचू नये आणि नुसता बंब तापत राहावा, अशी अवस्था हे रसायन शरीराची करते. अन्नाची शक्ती उष्णतेत उधळली जाते, अंगाचा दाह होतो, आणि ज्या मात्रेने वजन घटते तिच्यात व मारक मात्रेत फारसे अंतर नाही. कित्येकांना तरुण वयात मोतीबिंदू झाला, काही मेले, आणि १९३८ साली अमेरिकेत ते मानवी सेवनास अयोग्य ठरले. तरीही २०१५ साली इंग्लंडमध्ये एक २१ वर्षांची विद्यार्थिनी हेच रसायन ऑनलाइन मागवून, ते घेऊन मरण पावली. या विषावर उतारा नाही. तिच्या बाबतीत विक्रेत्याचा माग लागला आणि त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. परंतु असा माग लागणे हा अपवाद होय.

पाचवा प्रकार सर्वांत फसवा. कारण त्यात औषध खरे असते. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड हे प्रथिनाच्या जातीचे औषध आहे. न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. ते गोठले तर टाकून द्यावे लागते. वैशाखातील उन्हात कुरिअरच्या गोदामात आणि मोटारीच्या टपावर चार दिवस तापलेले औषध डोळ्यांना पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते, पण त्याचा गुण गेलेला असू शकतो. याहून वाईट प्रकार म्हणजे 'केवळ संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावून भुकटीच्या रूपात विकल्या जाणाऱ्या कुप्या. ही चिठ्ठी म्हणजे विक्रेत्याने आपल्या सुटकेसाठी ठेवलेले दार होय. रेटाट्रुटाइडसारखे द्रव्य तर नियामकांची मान्यता मिळण्यापूर्वीच या मार्गाने विकले जाऊ लागले.

कुपीतील भुकटीत पाणी मिसळून गिऱ्हाइकानेच मात्रा ओढावयाची असते, आणि येथे साधे अंकगणित घात करते. आपल्याकडे इन्शुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात. एकीवर एका मिलिलिटरचे ४० भाग पाडलेले असतात, दुसरीवर १००. 'दहा युनिट घ्या' असा संदेश विक्रेत्याने पाठविला, तर शंभराच्या सिरिंजने ०.१ मिलिलिटर औषध जाते आणि चाळिसाच्या सिरिंजने ०.२५, म्हणजे अडीचपट. ज्या औषधाची मात्रा डॉक्टर महिन्या-महिन्याने पायरीपायरीने वाढवितो, तेथे ही चूक लहान नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ साली दिलेल्या इशाऱ्यात कुपीतून स्वतः मात्रा ओढताना ठरलेल्याच्या ५ ते २० पट औषध घेतल्याच्या घटना नमूद आहेत. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे कमी होण्यास सुमारे आठवडा लागतो आणि त्यालाही उतारा नाही. एकदा टोचलेले काढून घेता येत नाही. उलट्यांनी अंगातील पाणी आटत असताना रुग्णालयात शिरेतून पाणी देत वाट पाहणे एवढेच हाती उरते.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक?

'आमचे औषध आयुर्वेदिक आहे, त्याला अपाय नाही' हे वाक्य आपल्या लोकांच्या मनावर लवकर परिणाम करते. आयुर्वेदाच्या औषधांनाही १९४० च्या कायद्याखाली परवाना लागतो आणि वेष्टनावर परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता छापावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात १९९० च्या सुमारास एका वजन घटविणाऱ्या चिकित्सालयातील गोळ्यांत चिनी वनस्पतींची चूर्णे घालण्यात आली. नावांच्या साधर्म्यामुळे एका मुळीऐवजी अरिस्टोलोकिया जातीची दुसरीच मुळी आली. शंभराहून अधिक लोकांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. अनेकींना डायालिसिसवर राहावे लागले आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ही मुळीही वनस्पतीच होती. काही विक्रेते तर औषधाचा परवाना टाळण्यासाठी आपला माल 'पूरक आहार' म्हणून विकतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक दाखवितात. तो क्रमांक अन्न विकण्याचा परवाना आहे. औषधाच्या गुणाची ती ग्वाही नव्हे.

साखळी तुटली म्हणजे काय होते

परवान्याच्या दुकानातही खोटे औषध येत नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. येते, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. डोक्यातील किंवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी दिलेल्या त्या द्रवात कारखान्यात वापरले जाणारे डायएथिलीन ग्लायकॉल होते. नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर व स्टार्च होते, असे २०२४ सालच्या पोलिसांच्या आरोपपत्रात म्हटले आहे.

परंतु या दोन्ही घटनांत पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जे. जे. मध्ये मृत्यूंचा संबंध एका औषधाशी जोडता आला, कारण कोणाला काय दिले याची कागदावर नोंद होती. औषध थांबविता आले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाला ते कोणी खरेदी केले, कोणी तपासले, कोणी पुरविले याची उलटतपासणी करता आली. नागपूरच्या गोळ्यांचा धागा नमुन्याच्या तपासणीपासून निघून पुरवठादारांच्या पावत्यांवरून थेट हरिद्वारजवळच्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला. साखळीचा एखादा दुवा कुजका निघाला, तरी साखळी होती म्हणूनच तो सापडला. मोबाइलवरील निनावी विक्रेत्याच्या बाबतीत दुवाच नसतो. आज एक क्रमांक, उद्या दुसरा. पुडक्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता अर्धा किंवा खोटा. एकाला बाधा झाली, तरी तीच बाटली घेतलेल्या दुसऱ्या शंभरांना सावध करण्याचा मार्गच उरत नाही. बनावट औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. पण शिक्षा देण्यासाठी आधी आरोपी सापडावा लागतो.

ऑनलाइन मागविणे हाच मुळी दोष आहे, असे मात्र नव्हे. परवाना असलेली दुकाने चिठ्ठी पाहून, पावती देऊन घरपोच औषध पाठवितात. त्या व्यवहारासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. त्या मसुद्याला नंतर कित्येक वर्षे अंतिम रूप मिळाले नाही आणि या रेंगाळण्याचा फायदा निनावी विक्रेत्यांनी उचलला. तथापि, परवान्याशिवाय औषध विकणे १९४० च्या कायद्यानेच गुन्हा आहे. त्यासाठी नव्या नियमांची वाट पाहण्याची गरज नाही.

गिऱ्हाइकाच्या हातातील उपाय

कायदा दूर असला तरी काही गोष्टी गिऱ्हाइकाच्या हातात आहेत. किरकोळ दुकानाचा परवाना नमुना २० व २१ मध्ये असतो आणि तो दुकानात दर्शनी लावावा लागतो; ऑनलाइन विक्रेत्याकडेही त्याचा क्रमांक मागावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख आणि नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना आहे की नाही, हे पाहावे. पेटीवरील आणि आतील पेनावरील बॅच क्रमांक जुळतात का, ते ताडून घ्यावे. जो चिठ्ठी मागत नाही, पावती देत नाही, बाजारभावाच्या चौथ्या हिश्शाने माल देतो आणि वजन किती दिवसांत किती उतरेल याची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. औषध मित्राने किंवा व्यायामशाळेतील शिक्षकाने मिळवून दिले, म्हणून त्याचा मूळ धनी बदलत नाही.

आणखी एक हक्क फारसा कोणाला ठाऊक नाही. १९४० च्या कायद्याच्या २६ व्या कलमान्वये विकत घेतलेले औषध कोणत्याही नागरिकाला ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते व त्याचा सहीचा अहवाल मिळतो. औषधाची बाधा झाल्याचा संशय आल्यास १८००-१८०-३०२४ या देशव्यापी निःशुल्क क्रमांकावर कळविता येते. जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे तक्रार करता येते. बाधा झालेल्या माणसाला रुग्णालयात नेताना बाटली, पेन, वेष्टन आणि विक्रेत्याचे संदेश बरोबर न्यावेत. लाजेपायी ते फेकून देणे म्हणजे डॉक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय.

अळणावरच्या माणसाला धारवाडचे जिल्हा रुग्णालय आणि हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लोहमार्गाने जोडलेले आहे. वजनाविषयीचा पहिला सल्ला तर गावातील डॉक्टरही देऊ शकतो: रक्तातील साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घेणे, आहाराची चौकशी करणे आणि औषधाची खरोखर गरज आहे की नाही हे सांगणे. पुष्कळांना ते लागत नाही. ज्यांना लागते त्यांना ते देखरेखीखाली मिळावे. घरच्या माणसांनीही वजनावरून होणारी थट्टा आवरली, तर गुपचूप पुडके मागविण्याचे निम्मे कारण नाहीसे होईल. मुलीचे लग्न महिना-दोन महिन्यांवर आले असता ती जेवणाच्या ताटावरून उठत असेल, वारंवार ओकत असेल, घामाघूम होत असेल, तर तिला रागे न भरता तिने काय घेतले आहे हे प्रेमाने विचारावे; आणि उत्तर मिळताच त्या बाटलीसह तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.